खोट्या कळा आणि खऱ्या कळा



शाळेच्या अंकात बाळंतपणावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही पालकांना पडेल. कदाचित एखाद्या विश्वस्तांनाही पडेल. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. आपल्या समाजात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत अजून टिकून आहे. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी दरवर्षी कुणाची तरी ताई, आत्या किंवा मावशी पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून सातव्या-आठव्या महिन्यात येऊन राहते. डोहाळजेवण होते, शेजारच्या कन्नड घरातील बायका त्याला कुबसा म्हणतात आणि हिरव्या बांगड्या घेऊन येतात. मग दिवस भरत येतात. दुपारच्या वेळी वडीलधारी मंडळी कामावर असतात आणि घरी ती बाई, म्हातारी आजी आणि शाळेतून आलेला आठवी-नववीचा मुलगा किंवा मुलगी एवढेच असतात. पोटात कळ आली तर घड्याळ बघणारे, रिक्षा बोलावणारे किंवा १०८ ला फोन करणारे ते मूलच असते. त्याला थोडी माहिती असलेली बरी, असे आम्हाला वाटते. दहावीच्या विज्ञानात पुनरुत्पादनाचा धडा आहेच. त्या धड्यात बाळ जन्माला येते एवढे सांगितले आहे, पण येण्याच्या आदल्या आठवड्यांत घरात जो गोंधळ उडतो तो मात्र सांगितलेला नाही.

गोंधळ असा. आठवा महिना संपत येतो, आणि एके दिवशी संध्याकाळी त्या बाईचे पोट एकदम दगडासारखे कडक होते. अर्धा मिनिट, कधी मिनिटभर तसेच राहते आणि सैल पडते. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. घरात धावपळ सुरू होते. गाडी काढून दवाखान्यात नेतात. तेथे डॉक्टर तपासतात, तासभर थांबवून पुन्हा तपासतात आणि म्हणतात, अजून वेळ आहे, घरी जा. चार दिवसांनी हाच प्रकार पुन्हा होतो आणि पुन्हा परत पाठवतात. तिसऱ्या वेळी घरातले म्हणतात, बसू या जरा, नेहमीचेच आहे. ती बाईसुद्धा संकोचाने बोलत नाही. या सगळ्यात आम्हाला खरी भीती वाटते ती या तिसऱ्या वेळेची. दोन वेळा परत येण्यात बिघडले काहीच नव्हते. तिसऱ्या वेळी घरी बसून राहण्यात मात्र बिघडू शकते.

म्हणून आधी हे पोट कडक होणे म्हणजे काय ते पाहू.

गर्भाशय म्हणजे मुख्यतः स्नायूंची पिशवी. एरवी तिचे वजन साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एखाद्या मोठ्या लिंबाएवढे असते. दिवस भरतात तेव्हा तीच पिशवी सुमारे एक किलोची झालेली असते, आणि हे बाळ, वार व पाणी सोडून फक्त पिशवीचे वजन. हातापायाचे स्नायू आपण म्हणू तेव्हा हलतात. गर्भाशयाचे स्नायू हृदयासारखे किंवा आतड्यासारखे, आपल्या हुकमाबाहेरचे आहेत. ते आपोआप आवळतात आणि सैल पडतात. हे आवळणे काही नवव्या महिन्यात सुरू होत नाही. अगदी पहिल्या दोन-तीन महिन्यांपासून ते चालू असते, फक्त पिशवी लहान असल्यामुळे जाणवत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर काही जणींना जाणवू लागते, बहुतेकींना आठव्या-नवव्यात, आणि काही जणींना शेवटपर्यंत जाणवतच नाही. जाणवले नाही म्हणून काही चुकले असे समजू नये.

इंग्लंडमधील जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांनी १८७२ साली या आवळण्याचे नीट वर्णन प्रसिद्ध केले. प्रत्येक गर्भवतीचे गर्भाशय संपूर्ण काळात मधून मधून आवळते व सैल होते, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हापासून या कळांना त्यांचे नाव पडले. हे दोन डॉक्टर होते असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही, एकाच गृहस्थाचे ते लांबलचक नाव आहे. डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत 'बी. एच.' असे लिहिलेले दिसले तर घाबरू नये, ते हेच.

आता नावांविषयी थोडे बोलायचे आहे, कारण नावामुळेही नुकसान होते. मराठीत आपण यांना 'खोट्या कळा' म्हणतो. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तिकडे तर 'झूठा दर्द' असे सरळ म्हणतात. या 'खोट्या' शब्दाने त्या बाईवरच संशय येतो. जणू ती खोटे बोलते आहे, माहेरी आली म्हणून लाड करून घेते आहे. वस्तुस्थिती अशी की स्नायू खरोखर आवळतो, पोटाला हात लावला तर कुणालाही कडकपणा लागतो, आणि काही जणींना त्यात चांगलेच दुखते. खोटे इतकेच की त्या कळांनी गर्भाशयाचे तोंड उघडत नाही आणि बाळ खाली सरकत नाही. आम्हाला विचाराल तर त्यांना 'तालमीच्या कळा' म्हणावे. स्नेहसंमेलनाच्या आधी महिनाभर तालमी चालतात, तेव्हा नाच खराच असतो, घाम खराच येतो, फक्त पडदा वर जात नाही. गर्भाशय खरोखर सराव करते की काय याबद्दल शास्त्रज्ञ ठाम बोलत नाहीत, पण समजण्यासाठी हा शब्द बरा आहे. अर्थात घरात सगळे 'खोट्या कळा' म्हणतात म्हणून या लेखात आम्हीही दोन्ही शब्द वापरले आहेत.

या कळा कशाने येतात? बहुतेक वेळा कारण साधे असते. दिवसभर पाणी कमी प्यायले, उन्हात बाजारात गेले, जिने चढउतार झाली, लघवी बराच वेळ तुंबवली, बाळाने जोरात पाय मारला, किंवा कुणाकडे लग्नात तासन्‌तास उभे राहणे झाले, की संध्याकाळी पोट आवळायला लागते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत असे प्रकार वाढतात असे बायका सांगतात, त्यात तथ्य असावे, कारण शरीरातले पाणी कमी होणे हे एक कारण आहेच. म्हणून पहिला उपाय अगदी घरगुती आहे. लघवीला जाऊन यावे. दोन ग्लास पाणी, ताक किंवा लिंबू सरबत प्यावे. बसली असेल तर थोडे चालावे, चालत असेल तर डाव्या कुशीवर आडवे व्हावे. कोमट पाण्याने अंघोळ केली तरी चालते. तालमीच्या कळा असतील तर अर्ध्या-पाऊण तासात बहुधा विरळ होत जातात. खऱ्या कळांना मात्र पाणी, कूस किंवा अंघोळ यांनी काही फरक पडत नाही. बसा, झोपा, चाला, त्या आपल्या वेळेवर येतच राहतात.

खऱ्या कळांचे आणखी वेगळेपण असे की त्या वाढत जातात. पहिली कळ सौम्य, मग जरा जोरात, मग बोलता बोलता थांबावे लागेल इतकी, आणि शेवटी दाराची चौकट धरून उभे राहावे लागेल इतकी. दोन कळांमधले अंतर कमी होत जाते. प्रत्येक कळ जास्त वेळ टिकू लागते. पुष्कळ जणींना ती कंबरेत पाठीमागून सुरू होऊन पोटाकडे पट्ट्यासारखी येते. तालमीची कळ बहुधा पुढे पोटातच, एखाद्या भागात किंवा ओटीपोटात जाणवते. पण कंबरेच्या या खुणेवर फार विसंबू नये. काहींना खरी कळ नुसती पोटात येते आणि काहींची कंबर नववा महिनाभर दुखतच असते. आमच्या मते घरच्या माणसांना सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे घड्याळ.

येथे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे, कारण हे काम तुमचे आहे. कळ सुरू झाली की वेळ लिहायची, संपली की वेळ लिहायची. दोन कळांमधले अंतर मोजताना एका कळीच्या सुरुवातीपासून पुढच्या कळीच्या सुरुवातीपर्यंत मोजायचे. पहिली संपल्यापासून मोजले तर हिशेब चुकतो. समजा एका घरात रात्री १० वाजून ५ मिनिटांनी कळ आली, मग १०.२२ ला, मग १०.२९ ला, मग १०.५४ ला. अंतरे निघाली १७, ७ आणि २५ मिनिटे. यात कसलाही क्रम नाही. टिकण्याचा वेळही कधी २० सेकंद, कधी ५०, कधी पुन्हा ३०. या बहुधा तालमीच्या कळा. दुसऱ्या घरात पहाटे २ वाजता कळ आली, मग २.०८ ला, २.१५ ला, २.२१ ला, २.२६ ला. अंतरे ८, ७, ६, ५. टिकण्याचा वेळ ३५ सेकंदांवरून हळूहळू मिनिटाकडे चालला आहे. येथे वहीत पुढचा आकडा लिहीत बसू नये, वडीलधाऱ्यांना उठवावे. मोबाईलमध्येही हल्ली असे मोजायची सोय मिळते, पण जुनी वही आणि सेकंदकाटा असलेले भिंतीवरचे घड्याळ यांनीही काम उत्तम होते, आणि ती वही डॉक्टरांना दाखवता येते.

पहिलटकरणीसाठी डॉक्टर साधारण असा नियम सांगतात की कळा पाच-पाच मिनिटांनी येत आहेत, प्रत्येक कळ सुमारे एक मिनिट टिकते आहे, आणि असे एक तासभर चालले आहे, तर निघावे. हा नियम दवाखाना जवळ असलेल्या, आधी काही गुंतागुंत नसलेल्या आणि पूर्ण दिवस भरलेल्या बाईसाठी आहे. दुसरे-तिसरे बाळंतपण असेल तर इतका वेळ थांबायचे नाही. तेव्हा सगळे भराभर होते, आणि थांबलेली मंडळी रिक्षात अडकतात. आधीचे बाळंतपण सिझेरियनने झाले असेल, जुळी असतील, बाळ आडवे किंवा पायाळू आहे असे सांगितले असेल, किंवा रक्तदाब, साखर असा काही त्रास असेल, तर कळा नियमित होत आहेत असे वाटताच निघावे. अशा बाईने आपल्या डॉक्टरांना सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवावे की मी कधी निघू. प्रत्येकीचे उत्तर वेगळे असते.

गर्भाशयाचे तोंड उघडणे हा खऱ्या बाळंतपणाचा गाभा आहे. ते तोंड एरवी लांबट आणि बंद असते. खऱ्या कळांनी ते आधी पातळ होते आणि मग थोडे थोडे उघडत पूर्ण दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. सुरुवातीचे काही सेंटिमीटर फार सावकाश होतात, पहिल्या वेळी तर त्यात एक अख्खा दिवसही जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली दिलेल्या सूचनांत पाच सेंटिमीटरपासून पुढच्या काळाला बाळंतपणाचा सक्रिय काळ धरले आहे. हे येथे सांगायचे कारण असे की दवाखान्यातून परत पाठवलेल्या पुष्कळ जणींना डॉक्टरांनी आपल्याला टाळले असे वाटते. डॉक्टर तेथे हेच बघत असतात की तोंड उघडते आहे का. तासा-दोन तासांनी पुन्हा तपासून त्यात बदल दिसला नाही, बाळाचे ठोके चांगले आहेत, पाणी गेलेले नाही, तर घरी पाठवणे योग्यच ठरते. विनाकारण लवकर दाखल केले तर कळा वाढवायच्या सलाइनपासून पुढचे उपचार मागे लागण्याचा संभव असतो. हे समजले की परत येण्यात कमीपणा वाटणार नाही.

मात्र परत पाठवताना 'पुन्हा काय झाले तर यायचे' हे विचारल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नये.

तारखेबद्दलही एक गैरसमज आहे. डॉक्टर जी तारीख देतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेली असते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन डॉक्टर नेगेले यांच्या नावाने हा हिशेब ओळखला जातो: पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. आपल्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणत आल्या, फरक फक्त दोन दिवसांचा! पण ही तारीख रेल्वेच्या वेळापत्रकासारखी नसते. (रेल्वेसुद्धा वेळेवर येते कुठे म्हणा.) नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून पुढे काही आठवडे केव्हाही कळा सुरू होऊ शकतात. म्हणून 'तारीख अजून पंधरा दिवसांवर आहे, या कळा खोट्याच' असे म्हणणे चूक आहे. उलटपक्षी ३७ आठवड्यांच्या आतच जर तासाभरात चार किंवा जास्त वेळा पोट आवळत असेल, पाणी पिऊन आणि आडवे होऊनही थांबत नसेल, तर तो तालमीचा प्रकार समजून घरी बसणे धोक्याचे आहे. अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण असे शांतपणेच सुरू होते. वेळेवर पोहोचल्यास डॉक्टर काही वेळा ते लांबवू शकतात, आणि बाळाच्या फुफ्फुसांना बळ यावे म्हणून आईला इंजेक्शन देऊ शकतात. लघवीच्या जंतुसंसर्गानेही पोट वारंवार आवळते, तो साध्या तपासणीत कळतो.

काही गोष्टी अशा आहेत की तेथे घड्याळ बाजूला ठेवायचे. पाणमोट फुटली, म्हणजे एकदम भळाभळा किंवा थेंबथेंब सतत पाणी जाऊ लागले, तर कळा असोत नसोत, निघायचे. काही जणींना लघवी गेली असे वाटते, तेव्हा स्वच्छ पॅड घेऊन पाहावे, आणि शंका राहिली तरी निघावे. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असू शकते, तेव्हा जराही वेळ घालवू नये. लालसर चिकट स्राव थोडासा जाणे हे तोंड उघडू लागल्याचे लक्षण आहे, त्यात भीती नाही. पण पाळीसारखे रक्त जाऊ लागले तर ते वेगळे आणि गंभीर. पोट आवळून सैल पडायच्या ऐवजी सतत फळीसारखे कडक राहिले आणि दुखणे थांबेनाच, तर वार सुटल्याची शक्यता असते, मग बाहेर रक्त दिसो वा न दिसो. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, हीदेखील तात्काळ निघण्याची कारणे आहेत.

आणि बाळाची हालचाल. खोट्या कळा असोत की खऱ्या, बाळ हालत राहिले पाहिजे. हालचाल कमी वाटली तर काही खाऊन डाव्या कुशीवर शांत पडावे आणि मोजावे. दोन तासांत दहा वेळा हालचाल जाणवली नाही तर दवाखाना गाठावा. 'बाळंतपण जवळ आले की बाळ गप्प होते' असे सांगणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत. हे खरे नाही, आणि या एका समजुतीने घात होऊ शकतो.

समजुतींचा विषय निघालाच आहे तर एरंडेलाविषयीही लिहितो. कळा आल्या आणि विरल्या की 'मोकळे होईल' म्हणून एरंडेल पाजण्याची सवय काही घरांत आहे. त्याने जुलाब होतात, अंगातले पाणी जाते, आणि आधी म्हटल्याप्रमाणे पाणी कमी झाले की तालमीच्या कळा आणखी वाढतात. म्हणजे ज्यासाठी दिले त्याच्या उलट. कळांचे इंजेक्शन घरी कुणाकडून टोचून घेणे तर त्याहून भयंकर. ऑक्सिटोसिन हे आपल्या मेंदूतल्या ग्रंथीतून येणारे, गर्भाशय आवळणारे द्रव्य. त्या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आवळते हे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवले, आणि १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिनो यांनी ते द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. १९५५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक द्यू व्हिनो यांना मिळाले. इतके मोलाचे औषध आहे, पण ते थेंबाथेंबाने, बाळाचे ठोके तपासत द्यायचे असते. एकदम टोचले तर पिशवी फाटू शकते.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, पूर्वी सुईणी होत्या, त्या हात लावून सांगत. खरे आहे. कन्नडमध्ये सुईणीला सूलगित्ती म्हणतात. तुमकूर जिल्ह्यातील पावगड तालुक्याच्या सूलगित्ती नरसम्मा यांनी विनामूल्य पंधरा हजारांहून जास्त बाळंतपणे केली, त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या वारल्या. अशा बायकांच्या हाताला ज्ञान होते, त्याबद्दल आदरच आहे. पण रक्तस्राव थांबेना किंवा बाळ अडले तर हाताच्या ज्ञानाला रक्तपेढी आणि शस्त्रक्रियेची खोली लागते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे बाळ दहा दिवसांतच गेले. पुढे त्या अमेरिकेत शिकून १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि पदवीसाठी त्यांनी निबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. आपल्या भाषेतील पहिल्या स्त्री-डॉक्टरने हाच विषय निवडावा, याकडे मुलींचे लक्ष वेधावेसे वाटते.

आकडे पाहिले तर बदल दिसतो. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २००४ ते २००६ या काळात कर्नाटकात एक लाख जिवंत जन्मांमागे २१३ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात १३०. २०१८ ते २०२० या काळात हे आकडे अनुक्रमे ६९ आणि ३३ वर आले. दवाखान्यात बाळंतपणे वाढली हे याचे एक मोठे कारण मानले जाते. तरीही ६९ ही संख्या लहान नाही, आणि शेजारच्या राज्याच्या दुप्पट आहे. थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक बायकांनी १९९४ साली मातामृत्यूंमागचे तीन उशीर सांगितले: निघायचे ठरवण्यात उशीर, पोहोचण्यात उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात उशीर. दुसरा व तिसरा आपल्या हातात थोडाच असतो. पहिला घरातल्या ओसरीवर होतो, आणि कळा खऱ्या की खोट्या हा वाद तेथेच घातला जातो.

पोहोचण्याच्या बाबतीत नवनगरकर सुदैवी आहेत. एका बाजूला हुबळी, दुसऱ्या बाजूला धारवाड, मधून मोठा रस्ता. हुबळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला आपण सगळे अजून किम्सच म्हणतो, आणि धारवाडचे जिल्हा रुग्णालय, दोन्हीकडे जाता येते. चिगरी बस झपाझप जाते हे खरे, पण कळा आलेल्या बाईला बसने नेऊ नये. रात्री-अपरात्री वाहन मिळेलच असे धरून चालू नये. कर्नाटकात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २००८ सालापासून आहे आणि ती विनामूल्य आहे. २०११ सालापासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, लागल्यास सिझेरियन, औषधे आणि जाण्यायेण्याचे वाहनही मोफत आहे. परगावाहून माहेरी आलेल्या लेकींना हे ठाऊक नसते.

त्यांची आणखी एक अडचण कागदांची होते. इथे आल्या आल्या भागातील आशा कार्यकर्तीकडे नाव नोंदवून तायी कार्ड करून घ्यावे. (कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आपल्या घरांत त्याचे 'ताई कार्ड' होते, आणि आजीला वाटते हे मोठ्या मुलीचेच काही कार्ड असावे.) आधीच्या गावच्या सोनोग्राफीचे कागद, रक्तगटाचा कागद, मागच्या सिझेरियनचा कागद आणि आधार कार्ड एका पिशवीत घालून दाराजवळ टांगावे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो कागद सर्वांत वर. डोहाळजेवणाच्या ओटीइतकीच ही पिशवी महत्त्वाची आहे असे आम्ही म्हणतो, आणि यात आजीने रागावू नये.

१०८ ला फोन करताना विद्यार्थ्यांनी घाई न करता सांगावे: नवनगर, अमुक क्रॉस, जवळची खूण कोणती, कितवा महिना, कितवे बाळंतपण, कळा किती मिनिटांनी, पाणी किंवा रक्त जाते आहे का. फोन आपण आधी ठेवू नये, ते सांगतील तेव्हा ठेवावा. घरातील एकाने रस्त्यावर जाऊन उभे राहावे. आपली मुले कन्नड सहज बोलतात, पण पुण्या-साताऱ्याकडून आलेल्या जावईबापूंची रुग्णालयात पंचाईत होते. त्यांना तीन वाक्ये कागदावर लिहून द्यावीत. बाळंतकळा म्हणजे 'हेरिगे नोवु'. पाणी गेले आहे म्हणजे 'नीरु होगिदे'. बाळ हालत नाही म्हणजे 'मगु अलुगाडता इल्ल'. कागद त्याच पिशवीत, रक्तगटाच्या खाली ठेवावा.